शेवटच्या गाडीमागचा दिवा

बडोद्याहून नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत मोटारसायकलवाल्यांची टोळी घेऊन जायची, हा विश्राम मोहितेचा वर्षातून चार वेळचा उद्योग. एरवी तो कोयलीच्या रिफायनरीत नोकरीला. शनिवारी पहाटे तरसालीच्या नाक्यावर सगळे जमायचे, करजणला चहा-नाश्ता व्हायचा आणि पुढे हमरस्ता सोडून वांसदा, वघई, सापुतारा असं जंगलातल्या आडवाटेनं दिंडोरी गाठायची. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे वायनरीत बसून चार घोट घ्यायचं अप्रूप सगळ्यांनाच. पण विश्रामचा नियम कडक होता. शनिवारी संध्याकाळी सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्या पिशवीत, आणि रविवारी परत निघताना कोणी थेंबही चाखायचा नाही.

सप्टेंबरअखेरच्या त्या रविवारी दुपारी बारा गाड्या दिंडोरीहून निघाल्या. सगळ्यांत पुढे विश्राम, सगळ्यांत मागे चारुलता, नारिंगी जाकीट घातलेली. शेवटच्या गाडीवाल्यानं कोणाला मागे राहू द्यायचं नाही, ही रीत. वर्षापूर्वीपर्यंत हे काम गोविंदरावांचं होतं. रेल्वेतून निवृत्त झालेले, त्रेसष्ट वर्षांचे, विश्रामला गाडी चालवायला शिकवणारे गोविंदराव. पण शेवटचाच मागे राहिला तर पाहणारं कोणी नसतं. गेल्या सप्टेंबरात हातगडच्या घाटात त्यांची गाडी दरीत गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुराख्याला ते सापडले. ‘तुम्ही व्हा पुढे, मी सावकाश येतो,’ असं तेच म्हणाले होते, हे विश्रामनं सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी ते मानलंही.

हातगड मागे पडलं आणि धुकं उतरलं. चारच वाजले होते, पण उजेड ओल्या फडक्यातून गाळल्यासारखा दिसत होता. कुजलेल्या पाल्याचा वास नाकात भरला. हेल्मेटमधल्या इंटरकॉमवर चारुलताचा आवाज आला.

“विश्रामभाई, माझ्यामागे एक दिवा आहे.”

“जाऊ दे त्याला पुढे.”

“केव्हाची हात दाखवतेय. जात नाही... मी हळू झाले की तोही हळू होतो.”

विश्रामनं तिला आरशात न बघता चालवत राहायला सांगितलं. थोड्या वेळानं ती दबक्या आवाजात म्हणाली, की दिवा पिवळा आहे, जुन्या बुलेटला असायचा तसा, आणि खड्डा आला की विझून पुन्हा लागतो. गोविंदरावांच्या बुलेटची वायर सैल होती. खड्ड्यात तिचा दिवा असाच विझायचा.

मग इंटरकॉममध्ये खरखर झाली. चारुलताचा आवाज बुडाला. कोणीतरी जोरानं श्वास घेत होतं. प्रत्येक श्वासाला घशात पाणी असल्यासारखा आवाज येत होता.

“विश्राम... जरा थांब रे.”

आत्ता कोण बोललं, असं त्यानं विचारलं. कोणीच नाही, असं चारुलता म्हणाली.

हे शब्द विश्रामनं पहिल्यांदा ऐकले नव्हते. गेल्या वर्षी याच वळणावर, याच आवाजात त्यानं ते ऐकले होते. त्या दुपारी निघण्याआधी वायनरीच्या मॅनेजरच्या खोलीत बसून तो दोन पेले प्यायला होता. नियम दुसऱ्यांसाठी होता. सरहद्दीची चौकी कोणी न अडवता पार झाली होती. मागे फिरायचं म्हणजे तोंडाच्या वासासकट तीच चौकी पुन्हा दोनदा ओलांडायची. म्हाताऱ्याची गाडी बंद पडली असेल, येईल मागून, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि इंटरकॉमचं बटण बंद केलं. डॉक्टर नंतर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव होता. गोविंदरावांच्या बायकोला, पद्मावहिनीला, त्यानं ‘तुम्ही व्हा पुढे’ची तीच थाप मारली होती. ती वर्षभर त्याला सणावाराला जेवायला बोलवत होती. आणि तो पोटभर जेवून येत होता.

या वेळी तो थांबला. बाकीच्यांना सापुताऱ्याच्या चहाच्या टपरीवर जाऊन थांबायला सांगितलं आणि गाडी वळवली. एकेक दिवा त्याच्याजवळून निघून गेला, शेवटी चारुलताचा. मग नुसतं धुकं.

चौकी ओलांडल्यावर पुढच्या वळणावर रस्त्यात पिवळ्या उजेडाचं एक वर्तुळ पडलं होतं. कठड्याच्या नव्यानं बांधलेल्या भागावर ते हलकं हलकं थरथरत होतं. उजेडामागे गाडी नव्हती. तापलेल्या तेलाचा वास मात्र होता. विश्राम गाडीवरून उतरून रस्त्यातच खाली बसला.

“गोविंदराव,” तो म्हणाला, “मी ऐकलं होतं... ऐकूनही पुढे गेलो.”

उजेड तसाच राहिला, बराच वेळ. मग विहिरीत कंदील सोडावा तसा तो कठड्यापलीकडे खाली खाली गेला.

टपरीवर येऊन विश्रामनं अकराही जणांना सगळं सांगितलं. कोणी त्याच्याकडे बघेना. चारुलतानं नारिंगी जाकीट काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

“पुढे मी जाते,” ती म्हणाली. “तुम्ही शेवटी या.”

बडोद्यापर्यंत तो शेवटी आला. एकदाही त्यानं आरशात पाहिलं नाही.

सोमवारी संध्याकाळी तो बडोद्यातल्या कारेलीबागेत पद्मावहिनीकडे गेला. ती गवार मोडत बसली होती. तो उभाच राहिला आणि खाली मान घालून बोलला: दोन पेले, चौकी, ती हाक, बंद केलेलं बटण. काहीच राखून ठेवलं नाही. तिचे हात मोडायचे थांबले नाहीत.

“पुन्हा का सांगतोयस?” ती म्हणाली.

“पुन्हा?” त्यानं विचारलं.

“काल येऊन सांगितलंस की. याच खुर्चीत बसून. चार, सव्वाचार झाले असतील. अंगावरून पाणी निथळत होतं, हेल्मेटसुद्धा काढलं नाहीस. म्हटलं, शरमेनं तोंड दाखववत नसेल.”

“वहिनी, काल मी...”

“ऐक. मी रडले, मग म्हटलं, जा, माफ केलं तुला. फार जड गेलं ते म्हणायला, विश्राम. पुन्हा नाही म्हणवणार माझ्याच्यानं.” तिनं पहिल्यांदाच वर पाहिलं. “एवढंच सांग. माफ केलं म्हटल्यावर तू का हसलास? घशात पाणी असल्यासारखा, जिना उतरेपर्यंत ऐकू येत होतास.”