टोपणापलीकडची रेघ

दर्ब गल्लेफच्या जुन्या बाजारात सिग्नलच्या रेघा दाखवणारं यंत्र घ्यायचं तर विकणाऱ्याचा चहा गोड लागायच्या आत यंत्राच्या तोंडावर टोपण फिरवून घ्यावं. मग बाहेरचा सिग्नल आत शिरत नाही आणि पडदा कोरा राहतो. तरी रेघ दिसली तर यंत्र नासकं, आणि किंमत निम्मी.

बंदरातल्या होड्यांचे वायरलेस मी दुरुस्त करते. त्यांच्या जळक्या पेट्यांनीच मला शिकवलं. त्या दिवशी घाई होती. माझा धाकटा भाऊ लारबी दुसऱ्या दिवशी सार्डिन धरायला निघणार होता, त्याचा वायरलेस मुका झाला होता, आणि वायरलेसशिवाय बंदरातून होडी सोडत नाहीत.

बुशाइबच्या गाळ्यात तसं एक यंत्र होतं. मी टोपण घातलं. तरी रेघ उभी राहिली. मग बुशाइबनं वॉकीटॉकी उचलून चहा मागवला. बटण दाबताक्षणी रेघ विझली.

मी म्हटलं, "सी बुशाइब, यंत्र फुटकं आहे."

"फुटकं नाही, लल्ला तामू, उतावळं आहे. माझ्या सासूसारखं. मी तोंड उघडायच्या आत याचं उत्तर तयार."

उतावळं यंत्र निम्म्या किमतीत घरी आलं.

दुपारपर्यंत लारबीची पेटी बोलायला लागली. टोपण तसंच ठेवून आम्ही खेळत बसलो. तो बटण दाबणार असला की आधी रेघ उठायची, दाबलं की विझायची. नुसता अंगठा नेऊन फसवायला गेला तर पडदा ढिम्म. हे यंत्र मुलगी बघायला जाताना न्यायला हवं होतं, असं तो म्हणाला, तेव्हा आतून त्याच्या बायकोनं पळी आपटली.

त्याच्या पेटीची चाल मला पाठ होती. तापली की रेघ केसभर उजवीकडे सरकायची, गार पडली की डावीकडे. दुसऱ्या कुठल्या पेटीची अशी नाही.

तो जेवायला बसला. मी पेटीच्या झाकणाचे स्क्रू आवळत होते.

रेघ उठली. बुडणाऱ्यांच्या हाकेसाठी राखून ठेवलेल्या जागेवर.

लारबीची बोटं रश्श्यात होती. पेटीपाशी मीच होते, आणि मला बटण दाबायचं नव्हतं.

मी विझायची वाट पाहिली. ती विझेना.

"झाली का गं ताई?"

"नाही. एक भाग मिळाला नाही. उद्या नको जाऊस."

"आत्ता तर बोलत होती. अख्खं बंदर हसेल मला."

"हसू दे."

तो कुरकुरला, आणि आणखी भाकरी मागितली.

रेघ तशीच होती. फक्त गार पडणाऱ्या त्याच्या पेटीसारखी हळूहळू डावीकडे सरकत चालली होती.

मी पेटीवर हात ठेवला. ती चांगली गरम होती.