लोडशेडिंगमध्ये फिरणारा पंखा

"कालिंदी, वीज गेलीय ना? मग ओव्हरसिअरबाबूंच्या खोलीत पंखा कसा फिरतोय?"

चारुदत्तच्या प्रश्नाने कालिंदी थबकली. हावड्याच्या त्या घाटावरच्या सगळ्या दुकानांतले दिवे विझले होते, आणि बाबूंच्या पत्र्याच्या खोलीत मात्र पंखा भरभर फिरत होता! ट्रकमध्ये असतो तसला छोटा, बॅटरीवरचा.

बॅटरी! कालिंदी वायर शोधत खिडकीकडे धावली.

तिचे बाबा, श्यामकांत, इंजिनिअर होते. जुन्या जेटीचे पाण्यातले खांब तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. सुट्टी असल्यामुळे कालिंदी, धाकटा चारुदत्त आणि मैत्रीण शकुन त्यांच्याबरोबर घाटावर येत. पाणबुडे निमाईदा तळाशी उतरत आणि त्यांना नळीतून हवा पोचवायचा एक कॉम्प्रेसर. कलकत्त्याच्या विजेचा भरवसा नाही, म्हणून बाबांनी तो बॅटरीवर जोडला होता. शेडच्या छपरावरची नवलाईची सौर तावदानं उन्हात ती बॅटरी भरत. पण कालपासून आभाळ भरून आलं होतं.

आणि या क्षणी निमाईदा पाण्याखाली होते!

बाबूंच्या खिडकीतून निघालेली एक वायर काथ्याच्या चटईखालून थेट बॅटरीच्या शेडमध्ये शिरली होती. आत मीटरचा काटा लाल पट्टीला टेकला होता.

"बाबू तिकडे हवा खातायत, ती निमाईदांची आहे!" कालिंदी ओरडली. "चारू, धावत जा, बाबांना सांग!"

ती शकुनला घेऊन खोलीत शिरली. बाबू आरामखुर्चीत पाय पसरून बसले होते.

"बाबू, पंखा बंद करा! बॅटरी संपतेय!"

"एवढ्याशा पंख्याने काय होतंय? जा, बाहेर खेळा!" त्यांनी डोळेही उघडले नाहीत.

शकुनने कालिंदीला डोळा मारला आणि दारातून बाहेर बघत किंचाळली, "अगं बाई! मोठे साहेब लाँचमधून उतरतायत!"

बाबू ताडकन उठले आणि शर्टाची बटणं लावत घाटाकडे पळाले. कालिंदीने वायर खसकन ओढली. पंखा थांबला.

पण शेडमधला काटा हलेना! कॉम्प्रेसरची घरघर मंदावत चालली, धाप लागल्यासारखी. दोघी जेटीकडे धावल्या. टोकाला बाबा इशाऱ्याची दोरी धरून उभे होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी वर बोलावलं, पण ते अडकल्याचा इशारा देतायत! पाय कशात तरी गुंतलाय!"

पाण्यावर येणारे बुडबुडे विरळ होत होते. कालिंदीने भिरभिरत्या नजरेने सगळीकडे पाहिलं. शेडजवळच्या रस्त्यावर एक टॅक्सी उभी होती, आणि आत सरदारजी डुलक्या घेत होते.

"बाबा, टॅक्सीची बॅटरी चालेल?"

"चालेल! पण इंजिन चालू हवं!"

ती जिवाच्या आकांताने धावली. "सरदारजी, पानी के नीचे आदमी है! गाड़ी शेड के पास लाइए!"

सरदारजींनी लगेच टॅक्सी शेडपाशी आणली. बाबांनी दोरी चारुदत्तच्या हाती दिली आणि धावत येऊन जाड वायरींनी टॅक्सीची बॅटरी जोडली. सरदारजींनी इंजिन जोरात फिरवलं.

कॉम्प्रेसर खोकला. पुन्हा खोकला. मग एकदम घुमू लागला!

"बुडबुडे! खूप बुडबुडे!" जेटीवरून चारुदत्त ओरडला.

तरीही निमाईदा वर येईनात. कालिंदीने शकुनचा हात इतका घट्ट धरला होता, की शकुन कळवळली. शेवटी दोरीला हिसका बसला, आणि गढूळ पाण्यातून निमाईदांचं डोकं वर आलं.

"नांगराची जुनी साखळी पायात अडकली होती," फळ्यांवर आडवे होत ते म्हणाले. "हवा कमी झाली तेव्हा वाटलं, संपलं सगळं. हात चालेना. मग ती परत आली."

ओव्हरसिअरबाबू लांब मान खाली घालून उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग ते मुलांकडे वळले.

"सकाळी काटा ठीक होता. नंतर मी पुन्हा बघायलाच हवा होता. तुम्ही बघितलात, पोरांनो. शाबास!"

निमाईदांनी आपला ओला, थंडगार हात कालिंदीच्या डोक्यावर ठेवला. "घरी माझी लेक वाट बघतेय, मा," बंगालीत लेकीला म्हणतात तसं ते म्हणाले. "आज संध्याकाळी मी तिला तुमची गोष्ट सांगणार!"

इतका वेळ धीर धरलेली कालिंदी तेव्हा कुठे ढसाढसा रडली.