उलटे पक्षी

जुन्या हत्यारांचं कूळ आणि वय सांगण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत तो आणि त्याची धाकटी बहीण काम करत. आईवडील गेल्यावर त्यानेच तिला लहानाची मोठी केलेली. तिच्याशिवाय त्याला दुसरं होतंच कोण?

त्या दुपारी टेबलावर एक नक्षीदार कुऱ्हाड आली. लढाईची आहे, एवढंच पाठवणाऱ्यांनी सांगितलं होतं.

"लोखंड तीनशे वर्षांचं तरी असेल," भिंगातून बघत तो म्हणाला. "चांदीची तार ठोकून बसवलीय, म्हणजे डोंगरापलीकडच्या कारागिरांचं काम. पण हे पक्षी बघ, सगळे उलटे!"

"कारागीर झोपेत असेल," बहीण हसली. "तुझ्यासारखा."

मग त्याने नेहमीचं केलं. हत्यार मुठीत घ्यायचं, डोळे मिटायचे आणि दांडा कुठे झिजलाय ते बोटांना शोधू द्यायचं, ही त्याची रीत. उजव्या हातात कुऱ्हाड काही केल्या बसेना. डाव्यात घेतली, तर बोटं झिजलेल्या खळग्यांत अशी बसली, जणू ते त्यानेच पाडले होते. खोलीत ओल्या लोखंडाचा वास सुटला.

"धारेवर एकही खाच नाही गं," तो पुटपुटला. "लढाईत गेलेलं हत्यार असं राहत नाही. ही कधी लोखंडावर पडलीच नाही... मग पडली कशावर?"

"दादा, गंमत बघ!"

त्याने डोळे उघडले. बहिणीने टेबलाच्या कडेवरून मान खाली सोडली होती. केस बाजूला सारून ती वाकड्या मानेने पात्याकडे बघत होती.

"इथून पक्षी सरळ दिसतात!"

कारागीर चुकला नव्हता. ती नक्षी कुऱ्हाड धरणाऱ्यासाठी नव्हतीच. ज्याची मान पात्याखाली आहे, त्याच्यासाठी होती. आणि त्याचा डावा हात खांद्याच्या वर गेला होता... तो त्याने उचलला नव्हता.

"ऊठ... अगं, आधी ऊठ!"

उजव्या हाताने डावं मनगट आवळून त्याने एकेक बोट सोडवलं.

"अरे, झालं काय? घामाने निथळतोयस."

"काही नाही. लढाईची नाही, एवढं कळलं."

संध्याकाळ व्हायच्या आत त्याने कुऱ्हाड खोक्यात बंद करून परत पाठवली. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. मग कुठे त्याच्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी जेवून खोलीत शिरला, तर बहीण टेबलावर डोकं ठेवून झोपलेली. नाही, डोकं टेबलावर नव्हतं. ते कडेवरून खाली लोंबत होतं, आणि केस नीट एका बाजूला सारलेले होते.

"अगं..."

"थांब ना, दादा," मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली. "किती छान उडतायत..."

तिला हलवायला तो पुढे झाला आणि जागच्या जागी थिजला. त्याची डावी मूठ वळलेली होती, मध्ये दांड्याएवढी जागा सोडून. मूठ रिकामी होती, पण खांदा वजनाने खाली ओढला जात होता.