अर्ध्या दिवसाची रजा

शामराव, आरोग्य खात्यात मला द्रष्टा म्हणतात हे ऐकून तुम्हाला हसू आलं. येणारच. मला आता हसूही येत नाही, पण विचारलंत म्हणून सांगतो.

पंचावन्न साली परळच्या एका इस्पितळाचा मी अधीक्षक झालो. नव्याची नवलाई होती, रोज एक परिपत्रक काढायचो. नोव्हेंबरातल्या एका दुपारी शवागारातला नळ गळतो अशी तक्रार आली, म्हणून खाली उतरलो. फिनेल आणि बर्फाचा ओला वास. तिथलं काम दगडू बघायचा. प्रेताची गाडी आत नेण्याआधी तो दारावर तीनदा टकटक करी आणि हळूच म्हणे, "सरका वाईच, पाव्हणं आलंय."

मला त्याचा राग आला. सरकारी इस्पितळ आहे की भगताचं घर? संध्याकाळपर्यंत परिपत्रक निघालं: शवागाराच्या दारावर टकटक करू नये, काही बोलू नये. दगडूनं अंगठा उठवला.

चारच दिवसांनी त्यानं मला खाली बोलावलं. दोन भिंतींशी लावलेल्या सहाही गाड्या एकाच भिंतीला जाऊन चिकटल्या होत्या. बाकी खोली मोकळी.

"कोणी हलवल्या?"

"म्या न्हाई, साहेब. सांगायचं बंद झालं... तर आता आधीच सरकत्यात."

मी त्याला फैलावर घेतलं. त्याच संध्याकाळी फाउंटनकडे गोळीबार झाला आणि ती मोकळी जागा भरली. मी योगायोग म्हणालो. शिकलेल्या माणसाला दुसरं काय म्हणता येतं?

मग छप्पनचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि गिरणगाव पेटलं. एका सकाळी अकरा वाजता दगडू माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. मी त्याच्यामागून खाली गेलो. गाड्या पुन्हा एका भिंतीशी होत्या.

वर येऊन मी त्या दिवसाच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या. बऱ्या होत आलेल्यांना घरी पाठवून तीस खाटा रिकाम्या केल्या. रक्ताच्या बाटल्या मागवल्या, सुट्टीवरचे दोन सर्जन बोलावून घेतले. कारण कोणी विचारलं नाही. अधीक्षकाला कोण विचारणार?

एक वाजता गंगुबाई आली. बायकांच्या वॉर्डातली आया, दगडूची बायको. अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. लालबागेतून बायांचा मोर्चा निघणार होता.

"आमच्या चाळीतल्या समद्या बाया हायत. मीच मागं ऱ्हाऊ व्हय?"

तिच्यामागून दगडू आला. जिन्यानं धावत आल्यामुळे त्याला दम लागला होता. "साहेब, नगं म्हणा तिला. तुम्ही बघितलंय... तुम्ही न्हाई म्हणालात तर ती ऐकंल."

रजा शिल्लक होती, अर्ज नियमात बसत होता. नामंजूर करायचा तर कारण लिहावं लागतं. माझंच परिपत्रक होतं ते. तीस खाटा रिकाम्या करण्याइतका माझा विश्वास बसला होता, शामराव. कागदावर ते कारण लिहिण्याइतका नव्हता. मी सही केली.

चारनंतर जखमी यायला लागले. कोणाला जमिनीवर ठेवावं लागलं नाही. डॉक्टरांनी सतरा जणांना वाचवलं. गंगुबाई आली तेव्हा वाचवण्यासारखं काही नव्हतं.

तिची गाडी दगडूनंच ढकलत नेली. दाराशी थांबून त्यानं टकटक करायला हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर दाराकडे वळवली. त्यानं हात खाली घेतला.

आत एकाच गाडीपुरती जागा उरली होती. त्यानं तिला तिथं लावलं. आम्ही दोघं बघत राहिलो... सकाळी गाड्यांनी मोजून तेवढीच जागा सोडली होती.

दगडू दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मला अभिनंदनाचं पत्र आलं, मग बढती. संकटकाळी खाटा मोकळ्या ठेवण्याचं धोरण मीच लिहिलं. त्यात एक कलम घातलं होतं, अशा दिवशी कर्मचाऱ्यांच्या रजा नामंजूर कराव्यात. समितीनं कारण विचारलं. मी ते कलम खोडलं.

आता पाहणीला जातो तिथलं शवागार बघतो. गाड्या नेहमी दोन्ही भिंतींशी नीट असतात. मी शेरा लिहितो, व्यवस्था समाधानकारक. आज सकाळी शीवकडच्या एका इस्पितळात गेलो होतो. दार उघडलं तर सगळ्या एका भिंतीशी.

तिथला वॉर्डमास्तर ओशाळला. "साहेब, आत्ताच तर मी स्वतः लावल्या होत्या..."

एका गाडीपुरती जागा होती. मी शेरा लिहिला आणि घरी आलो.

आमची मुलगी शैला नेसून तयार उभी होती. "कॉटन ग्रीनला मावशीकडे जाऊन येते हं," म्हणाली.

मी तोंड उघडलं. नको म्हटलं असतं तर तिनं का म्हणून विचारलं असतं. मी जा म्हटलं. दिवेलागणीच्या आत ये, एवढंच बोललो.

सव्वाआठ झाले, शामराव, शैला अजून आलेली नाही. मघापासून दारावर कोणीतरी तीन-तीनदा टकटक करतंय. तुम्हाला ऐकू येत नाही?