मोकळे खण

तोंड मिटत नाही म्हणून शाळेत तिला सगळे टकळी म्हणत. दुपारी संगणकाच्या खोलीत तिचा प्रोग्राम एकदाचा चालला आणि तिने स्वतःचीच पाठ थोपटली. सी भाषेतली वाक्यांची यादी, तीही वाढणारी! भरत आली की दुप्पट जागा मागून घ्यायची, मग पुढच्या वाक्यांसाठी मोकळे खण तयार. स्पर्धेला शाळेतून एकच जण जाणार होता, आणि तो मान आता आपलाच, अशी तिची खात्री होती.

चूक एकच झाली होती. भरलेल्या खणांपाशी थांबायचं सोडून तिने मोकळे खणही छापले होते. तिथे निरर्थक अक्षरांचा कचरा निघायला हवा होता. निघालं ते असं: ‘पंखा कोणी बंद केला?’

पंखा फिरतच होता. ती बघेपर्यंत मंदावला, थांबला. घामेजलेली मान पुसत संगणकाचे सर आत आले.

"पंखा कोणी बंद केला?"

टकळी हसत सुटली आणि तिने पडद्याकडे बोट दाखवलं. सर मात्र भडकले. पंखा हिनेच बंद केला, वाक्यही हिनेच घातलं, असल्या चावट मुलीऐवजी स्पर्धेला दुसरं कोणीतरी जाईल, म्हणाले.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आगाऊ म्हणा, बडबडी म्हणा, पण खोटारडी? तिने कीबोर्ड सरांपुढे सरकवला. मग तुम्हीच चालवा, मी हात लावत नाही. आणि पडदा दिसणार नाही अशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सरांनी यादी रिकामी केली, स्वतःचं एक वाक्य टाकलं, प्रोग्राम चालवला.

"सर, आता तरी पटलं?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

आणि ती वळली. त्यांच्या वाक्याखाली लिहिलेलं होतं: ‘सर, आता तरी पटलं?’

"पुढचं वाचू नकोस," सर हलकेच म्हणाले.

तिने वाचलंच. उरलेल्या सगळ्या खणांत एकच वाक्य होतं, थेट आईच्या तोंडचं: ‘सर, ती बोलत का नाहीये?’

उशीर झाला की आई सरांनाच फोन करायची. टेबलावरचा सरांचा फोन थरथरला.

टकळीला संताप आला. मशीनची ही हिंमत? तिने फोन उचलला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं.

खोलीत पंख्याचासुद्धा आवाज नव्हता.

"अगं, तूच ना? बोल की," पलीकडून आई म्हणाली. मग जरा थांबून, "बरं, सरांना दे."