अष्टमीची ओहोटी

अलिबागच्या इतिहास-चित्रण प्रयोगशाळेत सातवीचे अठ्ठावीस विद्यार्थी सतरंजीवर बसून ‘शंखगडाचा वेढा’ ही चित्रकादंबरी वाचत होते. पानं कागदासारखीच मऊ होती, पण त्यांवरची चित्रं बदलू शकत होती. पुस्तक राज्यभर द्यायचं की सहा वर्षांचं काम थांबवायचं, हे शिक्षण मंडळाच्या अधिकारी फरीदा सय्यद आज ठरवणार होत्या.

“चित्रं काढतं कोण?” त्यांनी विचारलं.

“हा साक्षीचित्रक,” डॉ. नलिनी वाकणकर कोपऱ्यातल्या यंत्राकडे बोट दाखवत म्हणाल्या. “कल्पनेनं तो काहीही रंगवत नाही. एका प्रसंगाचे दोन स्वतंत्र पुरावे मिळाले तरच चौकट भरते, नाहीतर कोरी राहते.”

“एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलं असेल तर?”

“मग तो पुरावा एकच. तशी शंका मुलंही घेऊ शकतात. पुस्तकाला सांगितलं की चित्रक पुन्हा तपासतो.”

शेजारी प्रा. भालचंद्र दिघे बसले होते. पुस्तकातलं मधलं मोठं चित्र म्हणजे त्यांचं आयुष्यभराचं संशोधन. अष्टमीच्या भर दुपारी, ऐन भरतीत, सरदार धुळोजींची गलबतं धान्य घेऊन समुद्रातल्या शंखगडाला लागली आणि उपाशी किल्ला वाचला. त्याचे दोन पुरावे, एक बखर आणि एका परदेशी व्यापाऱ्याचं पत्र, त्यांनीच शोधून काढले होते.

दुसऱ्या रांगेतली हर्षाली चोगले उभी राहिली. तिचे वडील मासेमारी करत.

“सर, हे असं होणार नाही. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. दुपारी ओहोटी. पाणी पुरतं हटत नाही, कमरेला लागतं. भरलेलं गलबत रुतून बसेल.”

दिघे पुढे वाकले.

“आणि बखरवाल्यानं आणि व्यापाऱ्यानं, दोघांनी एकच चूक कशी केली?” तिनं विचारलं. “आमच्या वर्गात तसं झालं, की बाई दोघांनाही उभं करतात.”

मुलं हसली. पुस्तकानं तिचं बोलणं ऐकलं होतं. गलबतं फिकट होत गेली आणि अठ्ठावीसही पुस्तकांतलं ते पान कोरं झालं.

सय्यदबाईंनी फाइल मिटली. “मुख्य प्रसंगच गेला, डॉक्टर. हे शाळांना कसं द्यायचं?”

नलिनीनं कोरं पान उलटून पाहिलं. दिघे मात्र हर्षालीकडेच बघत होते.

“कमरेला म्हणालीस?”

“हो सर. माझ्या कमरेला नाही, मोठ्या माणसाच्या.”

ते सावकाश उठले. गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. “वेढा घालणाऱ्यांच्या छावणीतली एक रोजनिशी आहे,” ते म्हणाले. “अष्टमीला दुपारी किनाऱ्यावरचे कोळी डोक्यावर धान्य घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून किल्ल्यात शिरले, असं तीत लिहिलंय. दोन पुरावे विरुद्ध होते, म्हणून चाळीस वर्षं मी ती खोटी ठरवली. नलिनी, ती चित्रकाला दे.”

“पण सर, तो एकच पुरावा होतो.”

“दुसरा समुद्र. त्यानं रोजनिशी वाचलेली नाही.”

नलिनीनं प्रयोगशाळेच्या संग्रहातली रोजनिशी उघडली, त्या दिवसाच्या भरती-ओहोटीचं गणित जोडलं. तपासणी चार मिनिटं चालली. मग कोऱ्या पानावर निळा रंग उतरला. कमरेएवढ्या पाण्यातून बाया-माणसांची लांबच लांब रांग किल्ल्याकडे निघाली होती, प्रत्येकाच्या डोक्यावर टोपली. सरदार कुठेच नव्हता.

“ही आमची माणसं,” हर्षाली हळूच म्हणाली.

दिघ्यांनी चष्मा पुसला. “माझा प्रबंध गेला,” ते म्हणाले, पण त्यांचा चेहरा खुलला होता. “चाळीस वर्षांत तो इतक्या बारकाईनं कुणी वाचलाच नव्हता.”

सय्यदबाईंनी फाइल पुन्हा उघडली आणि मंजुरीवर सही केली. पहिल्याच पानावर एक ओळ छापायची अट मात्र त्यांनी घातली: या पुस्तकातलं कोणतंही चित्र वाचकाला पुसता येईल.

त्या ती ओळ वाचून दाखवेपर्यंत मागच्या रांगेतून आणखी पाच हात वर झाले होते.