एका आकड्याची जागा

शहरातून बसने चाळीस मिनिटं गेलं की एकापुढे एक असे चार किनारे लागतात. पहिल्या दोनांवर पोराबाळांची कुटुंबं, तिसऱ्यावर जोडपी, आणि चौथ्यावर ज्यांच्या अंगात लाटांशी मस्ती करायची खाज आहे ती माणसं. तिथे वाळू थोडी आणि काळे खडक फार. लाटा दोन बाजूंनी येऊन मधोमध आपटतात, आणि शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. माझा धाकटा भाऊ दर रविवारी सर्फिंगची फळी काखोटीला मारून तिथेच जायचा.

मी पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'कुत्र्यापासून सावध'च्या. धंदा बाबांकडून आला, डावखुरेपणा मात्र माझा स्वतःचा. माझं शून्य खालून सुरू होतं आणि जोड डावीकडे दिसतो. ओळखणारे लगेच ओळखतात. चौथ्या किनाऱ्यावरची धोक्याची पाटीही माझीच. पालिकेने मजकूर दिला होता : 'पोहू नये. येथे आजवर बुडालेले : ९'. बाबांची शिकवण अशी की आकडा वाढणारा असेल तर शेजारी एका आकड्याची जागा मोकळी ठेवायची, म्हणजे पुढे अख्खी ओळ खरवडावी लागत नाही. मी ठेवली. तेव्हा मनात काहीच आलं नाही.

घराच्या दारावरची पाटीही मीच केली होती. वर आईचं नाव, मग माझं, तळाशी धाकट्याचं. त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर मावेना, कसंबसं कोंबलं. तो येता-जाता टोमणा मारायचा, "ताई, बुडणाऱ्यांसाठी ऐसपैस जागा, आणि सख्ख्या भावाला अर्धं अक्षर!"

सात महिन्यांपूर्वी तो त्या पाण्यात शिरला. संध्याकाळी फळी बाहेर आली.

महिन्याभराने पालिकेतल्या साहेबांचा फोन आला. "ताई, कसं सांगू कळत नाही. पाटीवर आता दहा करायला हवं."

"तो सापडला का?"

"नाही, पण..."

"मग नऊच." मी फोन ठेवला.

आई म्हणाली, "लिहून टाक गं. मला एकदाचं मोकळं रडू दे." ती दोन्ही वेळा त्याचं ताट वाढायची आणि झाकून ठेवायची. मला तिची दया येत होती आणि तिचा रागही येत होता. माझ्या भावाला मी माझ्या हाताने मेलेल्यांत घालणार नव्हते. त्याला न्यायचं असेल तर समुद्राने तसं दाखवावं, माझ्याकडून सही मागू नये.

पुढे रविवारी मी किनाऱ्यावर जाऊ लागले. सहाव्या महिन्यात एकदा पाहिलं, तर पाटीवर १० होतं.

वाटलं, साहेबांनी दुसरा पेंटर धरला. जवळ गेले. शून्याचा जोड डावीकडे होता. रंग ताजा नव्हता. बाकीच्या अक्षरांइतकाच उन्हाने विटलेला, त्याच्यावर मिठाचा तोच पातळ थर.

मचाणावर बसणाऱ्या जीवरक्षकाला विचारलं, "ही पाटी कुणी बदलली?"

तो माझ्याकडे बघत राहिला. "दहाच होतं की आधीपासून. तुम्हीच तर लिहिलंय."

मी पॉलिश पेपरने घासून पुन्हा ९ केलं. पुढच्या रविवारी १०. परत घासलं. परत १०. असं चार वेळा झालं, आणि माझं डोकं फिरलं. चूक त्या मोकळ्या जागेची होती, आणि ती मी सोडली होती.

पाचव्या रविवारी भर दुपारी मोठा ब्रश घेऊन गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला एकच ९ काढला. शेजारी दोरा घालायलाही जागा ठेवली नाही. वर जाड काळी चौकट मारली.

चौकटीचा चौथा कोपरा जुळला आणि आवाज थांबला. लाटा तशाच आपटत होत्या, फेस उडत होता. आवाज तेवढा नव्हता. डबा बंद करताना झाकणाचा 'टक' मला स्पष्ट ऐकू आला.

"घे," मी समुद्राकडे बघून म्हणाले. "आता कुठे लिहितोस?"

उजेड असतानाच घरी पोचले. दाराशी थबकले.

पाटीवर दोनच नावं होती. आईचं आणि माझं. ऐसपैस, नीट मधोमध, माझ्याच हातची. रंग जुना होता.

आत आई गुणगुणत होती. ताटं दोन.

"आई, धाकट्याचं ताट?"

"कोण धाकटा गं?" ती हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा तिचे डोळे कोरडे होते.

मी त्याच्या खोलीत गेले. तिथे शिलाई मशीन होतं, त्याच्याखाली जुनी धूळ. फळी टांगायचा खिळा नव्हता. खिळ्याचं भोकही नव्हतं.

मला कळलं, काय मागितलं जातंय ते. किनाऱ्यावर जाऊन मी दहा लिहायचं, मग तो आमचा असेल, मेलेला का होईना. मी ठरवलं, नाही लिहायचं. आईला रडवायचं नाही आणि त्याला पुसूही द्यायचं नाही. मी ब्रश उचलला, त्याचं नाव परत दारावर घालायला.

पहिलं अक्षर आठवेना.

हनुवटीवरचा वण आठवला, टोमणे आठवले, तो उजव्या हाताने लिहायचा आणि रेघ नेहमी वर चढायची, तेही आठवलं. नाव नाही.

मग मी पाटी पूर्ण खरवडली. आईचं नाव आणि माझं वर सरकवून लहान केलं, आणि खाली तिसरी ओळ मोकळी ठेवली. या वेळी भरपूर, शेवटचं अक्षर अख्खं मावेल इतकी. आई रोज विचारते, "ही रिकामी जागा कशाला?" मी म्हणते, "असू दे."

आज सकाळी दार उघडलं तेव्हा त्या जागेत एक ओली रेघ होती. वर चढत गेलेली, उजव्या हाताची. बोट लावून चाखलं. खारट होती.